मानवी हक्कांचा तास पाणवठ्यापासून कसा सुरू करायचा

दहा डिसेंबर जवळ आला की शाळेत परिपत्रक येतं, मानवी हक्क दिन साजरा करा आणि फोटो पाठवा. मग फळ्यावर रंगीत खडूने कबुतर काढायचं, खणखणीत आवाजाची एखादी मुलगी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यातली चार कलमं वाचून दाखवणार, बाकीची पोरं मैदानात उन्हात मांडी घालून बसलेली, टाळ्या, फोटो, संपलं. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. एका वर्षी कार्यक्रम झाल्यावर नववीतला एक मुलगा सतरंजीची घडी घालता घालता म्हणाला, "मॅडम, म्हणजे हे हक्क आपल्याला गोऱ्यांनी दिले ना?" मी "तसं नाही रे" म्हटलं आणि पुढे काय बोलावं तेच सुचेना, कारण मी जे शिकवलं होतं त्यातून दुसरा अर्थ निघतच नव्हता, मॅग्ना कार्टा, फ्रेंच राज्यक्रांती, मग एकदम 1948 मध्ये पॅरिसला मंजूर झालेला तो जाहीरनामा, आणि आपण कुठे तर शेवटच्या ओळीत, भारतानेही हे हक्क मान्य केले म्हणून.

त्याच्या त्या प्रश्नाने माझी शिकवायची पद्धत बदलली. आता जे करते ते इथे लिहून ठेवतेय, आठवी ते बारावीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी आणि शिबिरं घेणाऱ्यांसाठी. याला हल्ली डीकॉलोनियल पद्धत म्हणतात, मराठीत निर्वसाहतीकरण वगैरे, पण हा शब्द पोरांसमोर काढायची काही गरज नाही. सांगायचंय ते एवढंच, की हक्क कोणीतरी वरून वाटले असं शिकवायचं नाही, ज्यांना ते नाकारले त्यांनी भांडून, लिहून, कोर्टात जाऊन, प्रसंगी मार खाऊन ते घेतले असं शिकवायचं. आणि नाकारणारा फक्त गोरा साहेब नव्हता, आपल्याच गावातली माणसंही होती, हे त्याच तासाला सांगायचं. पुढच्या तासाला ढकललं की राहूनच जातं.

साधारण आठ तास लागतात. कमी असतील तर दुसरा तास गाळा, पण तिसरा-चौथा अजिबात गाळू नका.

पहिल्या तासाला जाहीरनामा, संविधान काही काढू नका. फळ्यावर फक्त "हक्क" लिहा आणि विचारा, हा शब्द घरात शेवटचा कधी ऐकला. पाच मिनिटं गप्प बसा. आधी "मतदानाचा हक्क" वगैरे पुस्तकी उत्तरं येतील, येऊ द्या, मग कोणीतरी हळूच म्हणतं, "हक्कसोड." माझ्या वर्गात हे दरवर्षी होतं. आत्याने हक्कसोड पत्र दिलं, मावशीने दिलं नाही म्हणून बोलणं बंद आहे, असं सुरू होतं. एका मुलीने सांगितलं होतं, आई रजिस्टर ऑफिसला जाऊन अंगठा देऊन आली, मामाने साडी घेतली, जेवण घातलं, आणि घरी आल्यावर आईने हिला मोबाईलवर सातबारा उघडायला लावला, आपलं नाव कुठल्या ओळीत होतं ते एकदा बघू दे म्हणाली. वर्गात एकदम शांतता. त्या एका ओळीतून हक्क म्हणजे काय ते पोरांना जेवढं कळलं तेवढं माझ्या कुठल्याच व्याख्येने कधी कळलं नव्हतं.

इथे कायदा सांगून टाका, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली, देशभर ती 2005 मध्ये आली. मग विचारा, कायदा आहे तरी हक्कसोड का होते. उत्तर देऊ नका. "भावाशी संबंध तुटतील", "माहेर राहील का मग", ही उत्तरं पोरीच देतात आणि पोरं खाली बघतात. घरातल्या भांडणांची नावं-गावं मात्र वर्गात येऊ देऊ नका, तेवढं सांभाळा.

त्याच तासात शब्दाचा जुना अर्थही काढा. आपल्याकडे हक्क हा शब्द पूर्वी वतनाला जोडून यायचा, पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, पंगतीत पहिलं पान कोणाचं. म्हणजे अमक्या घरात जन्मलास म्हणून हे तुझं. महारांनाही वतन होतं, पण ते वतन म्हणजे सरकारचं आणि गावाचं राबणं, बदल्यात तुटपुंजी जमीन आणि दारोदार भाकरी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं, आणि ही कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने गेली ती थेट 1958 च्या अधिनियमाने. तर एकच शब्द, आधी त्याचा अर्थ "काही जणांचा मान" आणि नंतर "प्रत्येक माणसाचा". हा अर्थ बदलला कोणी, हा प्रश्न वहीत लिहायला लावा आणि तास संपवा.

दुसरा तास नकाशाचा. जगाचा कोरा नकाशा प्रत्येक गटाला द्या आणि सांगा, 10 डिसेंबर 1948 या दिवशी जे देश दुसऱ्याच्या ताब्यात होते ते रंगवा. ॲटलासची मदत घेऊ द्या. आफ्रिका जवळजवळ सगळी रंगते, आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग आकडे सांगा, संयुक्त राष्ट्रांत तेव्हा 58 देश होते, जाहीरनाम्याच्या बाजूने 48, विरोधात कोणी नाही, 8 तटस्थ. तटस्थांमध्ये दक्षिण आफ्रिका, जिथे त्याच वर्षी अपार्थाइड, म्हणजे कायद्याने वर्णभेद, राबवणारा पक्ष सत्तेवर आला होता. बाजूने मत देणाऱ्यांत नेदरलँड्स, आणि त्याच नेदरलँड्सने बरोबर नऊ दिवसांनी, 19 डिसेंबरला, इंडोनेशियात योग्यकर्तावर हल्ला करून तिथले स्वातंत्र्यनेते सुकार्नो आणि हट्टा यांना पकडलं. आपल्याकडचं बघायचं तर मराठवाडा निजामातून सुटून जेमतेम तीन महिने झालेले, 17 सप्टेंबर 1948, आणि गोव्यात पोर्तुगीज अजून तेरा वर्षं राहणार होते, 19 डिसेंबर 1961 पर्यंत. गोव्याचं एखादं पोर वर्गात असेल, किंवा कोणाचे नातेवाईक तिकडे असतील तर 18 जून 1946 ला मडगावला लोहियांनी भाषणबंदी मोडली ती गोष्ट इथे सांगा, साधं सभेत बोलायचा हक्क मागायला लोक जमले होते.

पण नकाशावर थांबू नका. नकाशावर थांबलात तर पोरं "सगळं ढोंग होतं" असं म्हणून मोकळी होतात, आणि ते खरं नाही. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता, तो बदलून "सर्व माणसं" करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातली एक बाई तिथे बसून मोठमोठ्या देशांना सांगत होती की तुमचा हा शब्द अपुरा आहे. हे सांगितल्यावर पोरींच्या माना वर होतात, प्रत्येक वेळी. पॅरिसमधला कागद फक्त पॅरिसचा नव्हता, त्यात आपलाही हात होता, हे कळायला एवढं पुरतं.

तिसरा आणि चौथा तास महाडचा, आणि इथे घाई करू नका. बहुतेक पुस्तकांत चवदार तळ्याचा सत्याग्रह दोन ओळींत उरकतात, पाणी प्यायले, क्रांती झाली. मी काय करते, सहा चिठ्ठ्या करते आणि एकेका गटाला एकेक देते.

ऑगस्ट 1923, सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर, की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. 1924, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927, बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परत येताना देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला, नंतर तळ्यात 108 घागरी पंचगव्य वगैरे ओतून "शुद्धी" केली. ऑगस्ट 1927, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबर 1927, पुन्हा सत्याग्रहाला लोक जमले, पण कोर्टाचा मनाई हुकूम, तळ्यावर जाता आलं नाही, 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. 17 मार्च 1937, मुंबई हायकोर्टाचा निकाल, अस्पृश्यांच्या बाजूने.

प्रत्येक गटाने फक्त एक प्रश्न सोडवायचा, तुमच्या चिठ्ठीवरच्या तारखेला अस्पृश्य माणसाला त्या तळ्याचं पाणी निर्धास्त पिता येत होतं का, हो की नाही. फळ्यावर खाली खाली लिहीत जा. नाही. नाही. मग तिसऱ्या चिठ्ठीवर भांडण होतं, अर्धी पोरं हो म्हणतात, प्यायले ना ते, अर्धी म्हणतात निर्धास्त कुठे, डोकी फुटली. होऊ द्या भांडण, हाच धडा आहे. पुढे परत नाही, नाही. आणि 1937 ला "हो" लिहायला एक मुलगी उठली आणि खडू हातात घेऊन थांबली, म्हणाली, "मॅडम, कोर्टाने सांगितलं म्हणजे लगेच गावाने ऐकलं असेल का?" तिने शेवटी प्रश्नचिन्ह काढलं. तो फळा मी दोन दिवस पुसू दिला नाही.

आता त्या रकान्याकडे बघून विचारायचं, यात इंग्रज सरकार कुठे आहे. ठराव त्यांच्या कायदेमंडळात झाला, पण तो अमलात आणायला ते पुढे आले नाहीत, गावात गडबड नको एवढंच बघितलं. आणि आपली माणसं कुठे आहेत. घागरी ओतणारेही आपले आणि साथ देणारेही आपले, महाडला सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी माणसं बरोबर होती, डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी जमीन दिली. बाबासाहेबांचं म्हणणंही सांगा, की या तळ्याचं पाणी मिळालं नाही म्हणून आपण मरत नव्हतो, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला तळ्यावर जायचंय.

इथेच एक फार महत्त्वाची गोष्ट. डिसेंबरच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या, काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या माणसांना. आणि तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट-डोमिंगमध्ये, आजच्या हैतीत, फ्रान्सच्याच गुलामांनी 1791 मध्ये उठाव केला, फ्रेंच क्रांतीचे जे हक्कांचे शब्द त्यांच्यासाठी लिहिलेच नव्हते तेच हातात घेऊन लढले, आणि 1804 मध्ये स्वतंत्र झाले, तर 1825 मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँक भरपाई मागितली, का तर आमची मालमत्ता गेली म्हणून. ही मालमत्ता म्हणजे तीच माणसं. म्हणून मी वर्गात म्हणते, पाश्चात्त्यांचे शब्द घ्यायला फुल्यांना, आंबेडकरांना कधी कमीपणा वाटला नाही, त्यांनी ते घासून-पुसून आपल्या कामाला लावले. जो कोणी तुम्हाला सांगेल की हक्क ही परदेशी कल्पना आहे, आपल्या संस्कृतीत कर्तव्य असतं, त्याला विचारा की गावात पाणी भरायला त्याच्या घरचे कुठल्या बाजूने जायचे.

हे मी मुद्दाम लिहितेय. वसाहतवाद नको म्हणता म्हणता "आपल्याकडे सगळं आधीपासूनच होतं" या वाटेला लागणारे शिक्षक मी खूप बघितलेत. वसुधैव कुटुंबकम् लिहायचं आणि मुक्ता साळवेचं नावही घ्यायचं नाही, हे चालणार नाही. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग समाजातली मुलगी, चौदा वर्षांची असेल, तिने 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. जाहीरनाम्याच्या 93 वर्षं आधी. निबंध लहान आहे, भाषा जुनी आहे, तास संपता संपता मोठ्याने वाचा आणि समजावून सांगायला थांबू नका, आपल्याच वयाच्या मुलीने लिहिलंय म्हटल्यावर पोरांना बरोबर कळतं.

पाचवा तास रखमाबाईंचा. याला वर्गात कोर्ट भरवा. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देते, नवरा दादाजी 1884 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा टाकतो. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही तिच्या बाजूने निकाल देतात, अपिलात तो फिरतो, आणि 1887 मध्ये हुकूम होतो, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणते, तुरुंगात जाईन. आता यातली गंमत नाही, वेदना अशी की नांदायला जायची सक्ती करणारा हा दावा धर्मशास्त्रातला नव्हताच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आलेला, आणि आपले संस्कृतिरक्षक, टिळकांसकट, तोच दावा धर्म वाचवायचा म्हणून उचलून धरत होते. साहेबाचा कायदा आणि घरचा पुरुष, दोघांनी मिळून एका सुतार समाजातल्या मुलीला कोंडीत पकडलं. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला काम केलं. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये तो दावा आजही आहे, हे सांगायला विसरू नका. कोर्टात वकील म्हणून मुलांना रखमाबाईंच्या बाजूने उभं करा आणि मुलींना दादाजींच्या, उलटं केलं की युक्तिवाद जास्त खरे निघतात.

सहाव्या तासाच्या आधी घरचा अभ्यास द्यायचा, आजी-आजोबांशी बोलून यायचं. इथे माझ्या हातून मोठी चूक झालीय म्हणून जीव तोडून सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला वर्गात उभं करून म्हटलं, तुमच्या समाजाला काय सोसावं लागलं ते सांग बघू. ती उभी राहिली, काही बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. कधीही असं करू नका. दलित, आदिवासी, भटक्या समाजातली पोरं वर्गाला शिकवायचं साहित्य नाहीत. प्रश्न सगळ्यांना सारखाच द्या, "तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरायचात, कोण कुठून भरायचं, कोणाला वरून ओतायचे." कागदावर नाव लिहायचं नाही, गठ्ठा करून मीच वाचते. मग काय होतं, काही कागदांवर "आम्हाला वरून ओतायचे" असतं आणि बऱ्याच कागदांवर "आम्ही वरून ओतायचो" असतं. हे दुसरे कागद फार मोलाचे. ज्या घराने कधी याबद्दल तोंड उघडलं नव्हतं त्या घरातल्या आजीने नातवाला सांगितलेलं असतं, की घागर उंच धरायची, थेंब उडू नये म्हणून. ओझं एका बाकावरून सगळ्या वर्गावर येतं.

मग तुमच्या गावच्या आसपासचं काहीतरी जोडा. आमच्या सोलापुरात सेटलमेंट आहे, रिक्षावालाही तेच नाव घेतो, पण बहुतेकांना ते का पडलं ठाऊक नसतं. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो आपल्या भागालाही लावला, आख्ख्या जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात वसाहत, रोज हजेरी, बाहेर जायला पास. 31 ऑगस्ट 1952 ला देशभर तो कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. कुंपण गेलं, पण चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात हे पोरांना विचारा, त्यांना माहीत असतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे शिकवत असाल तर जंगलाचा कायदा घ्या, 1878 आणि 1927 च्या कायद्यांनी जंगल सरकारचं झालं, 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला ऐतिहासिक अन्याय म्हटलं, आणि मेंढा लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. कोकणात असाल तर महाडला घेऊन जा, तळं दाखवा.

एक गोष्ट राहिली, आपला वर्ग. हक्क शिकवायचे आणि वर्ग झाडायला ठरावीकच पोरी, पाण्याचा जार उचलायला ठरावीकच पोरं, उशीर झाला की उठाबशा, असं असेल तर पोरं आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि ती बरोबरच आहेत. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई 2009, याच्या कलम 17 ने मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, ते कलम वर्गात मोठ्याने वाचा, तुमच्यावर उलटलं तरी. झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा, मुलं-मुली सगळी. एवढ्याने माझ्या वर्गात दोन पालक तक्रार घेऊन आले होते, आमचा मुलगा झाडू मारणार नाही म्हणून. त्यांना बसवून महाडच्या चिठ्ठ्या दाखवल्या. एक पटले, एक नाही.

शेवटचे दोन तास अर्जाचे. पोरांनीच एक प्रश्न ठरवायचा, जवळचा आणि छोटा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, एसटी शाळा सुटायच्या आधीच निघून जाते, असलं काहीतरी. मग अर्ज लिहायचा, कोणाकडे, विषय, मजकूर, सह्या. माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर पालकाच्या नावाने, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत, आणि हा कायदा महाराष्ट्रात 2002 मध्येच, केंद्राच्या 2005 च्या आधी आला होता हेही सांगा. सगळ्यात महत्त्वाचं, दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. पोरं घाबरतात, क्लार्क खेकसतो, उद्या या म्हणतो, तुम्ही मागे उभ्या राहा पण बोलू नका, त्यांना मागू द्या.

पोच वहीत चिकटवायची, महाडच्या तारखांच्या खालीच, आणि शेजारी तसाच रकाना करायचा. तारीख, आणि पाणी आलं का, हो की नाही. दर महिन्याला जाऊन विचारायचं आणि लिहायचं. परीक्षेला मी व्याख्या विचारत नाही, तो रकानाच तपासते आणि प्रत्येक "नाही"च्या पुढे त्यांनी काय केलं ते बघते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या पाण्याचा जो अर्ज गेल्या वर्षीच्या बॅचने केला होता त्याच्यापुढे आतापर्यंत तीन वेळा "नाही" आलंय. ती पोरं आता दहावीत गेली, वही नववीकडे आली, आणि सोमवारी नववीच्या दोघी चौथी तारीख लिहायला ऑफिसात जाणार आहेत.